संकलनाच्या वेळेत रीस्टार्ट : दूध संकलनाचा सर्व्हर चालू ठेवण्याच्या नोंदी

९ जून २०२५, सोमवार

या कामाची वेगळी नोंदवही आजपासून. कोल्हापूर भागातल्या तीनशेहून अधिक दूध संस्था आमच्या सर्व्हरवर संकलन करतात. सकाळी साडेपाच ते साडेआठ, संध्याकाळी पुन्हा तेवढाच वेळ. शेतकरी किटली आणतो, काट्यावर लिटर कळतात, ॲनालायझर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) सांगतो, ती नोंद आमच्याकडे येते, दर लागतो आणि पावती निघते.

मागच्या महिन्यात पहाटे ५:५० ला डेटाबेसची व्हीएम, म्हणजे क्लाउडवरचं आभासी मशीन, रीस्टार्ट झाली. ठरवून केलेली देखभाल होती आणि ती आधी कळवलेलीही होती. पण सूचना जायची ती दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या मेलवर. मशीन काही मिनिटांत परत उभे राहिले, तरी बूट झाल्यावर डेटाबेस आपोआप सुरू व्हावा ही सेटिंग आम्ही केलेली नव्हती. मी उठून लॅपटॉप उघडेपर्यंत ३५ मिनिटे गेली. चूक सगळी आमची.

एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला होता. "ताई, पावती निघंना झाल्या. माणसं किटल्या घेऊन उभी हायत. वहीवर लिवून घेऊ का?" मी म्हटलं, घ्या. दहा दिवसांचं बिल निघालं तेव्हा त्याच गावातल्या एका आजींनी विचारलं, म्हशीच्या दुधाला माझी फॅट नेहमी ६.८ असते, यात एक दिवस ६.३ कशी? घाईत वहीवर चुकीचा आकडा पडला होता आणि तपासायला मशीनची नोंदच नव्हती. सचिवांनी शेवटी आजींचं ऐकलं, पण ती पावती माझ्या डोक्यातून जात नाही.

दिवाळीच्या आधी दूध दर फरकाचं वाटप असतं आणि तेव्हापर्यंत दूधही वाढलेलं असतं. म्हणजे जे काही करायचं ते या उन्हाळी-पावसाळी कमी दुधाच्या दिवसांतच.

११ जून

सगळ्या व्हीएमची मोजदाद केली. सगळ्या मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडच्या सेंट्रल इंडिया रीजनमध्ये, म्हणजे पुण्यात. दोन ॲप सर्व्हर, एक डेटाबेस, एक त्याचा स्टँडबाय (तो पडला तर जागा घेणारा), आणि दर १, ११, २१ तारखेला बिलं काढणारी दोन मशीन. बिलांची दोन एका अव्हेलेबिलिटी सेटमध्ये (एकत्र खाली जाऊ नयेत म्हणून केलेल्या गटात) आहेत, बाकी चार कशातच नाहीत. ती वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी, गरज पडेल तशी उभी केलेली. आमचे दोन ॲप सर्व्हर एकाच वेळी खाली जाणार नाहीत याची कुठलीच हमी आम्ही मागितलेली नव्हती. 'दोन आहेत ना' एवढ्यावर आम्ही इतकी वर्षं निर्धास्त होतो.

आणखी एक सापडलं. पावत्यांच्या पीडीएफची रांग ॲप सर्व्हरच्या टेम्पररी डिस्कवर आहे. साध्या रीस्टार्टला ती डिस्क सहसा टिकते, पण व्हीएम दुसऱ्या होस्टवर, म्हणजे तिच्याखालच्या दुसऱ्या खऱ्या यंत्रावर, रीडिप्लॉय झाली (नव्याने उभी केली गेली) की तिच्यावरचं सगळं जातं. देखभाल आपण स्वतः आधी सुरू केली तरी व्हीएम अद्ययावत झालेल्या दुसऱ्या होस्टवर जाते, म्हणजे तेव्हाही तेच. रांग आजच डेटा डिस्कवर हलवली.

देखभालीच्या सूचना देणाऱ्या अझूरच्या सर्व्हिस हेल्थचा अलर्ट लावला. सूचना आता चौघांच्या फोनवर आणि टीमच्या सामाईक मेलवर येईल. एका माणसाच्या नावावर काही ठेवायचं नाही, हा यापुढचा नियम.

१६ जून

आज दिवसभर एकच चर्चा : अव्हेलेबिलिटी सेट की झोन.

सेटमध्ये व्हीएम फॉल्ट डोमेन (एका बिघाडात एकत्र पडतील असे गट) आणि अपडेट डोमेन (देखभालीत एकत्र रीस्टार्ट होतील असे गट) यांत वाटल्या जातात. फॉल्ट डोमेन जास्तीत जास्त ३. वीजपुरवठा आणि नेटवर्क स्विच वेगळे. अपडेट डोमेन न सांगता ५ मिळतात, मागितली तर २० पर्यंत. देखभालीत एका वेळी एकाच अपडेट डोमेनला हात लागतो, आणि पुढच्याला लावण्याआधी सावरायला ३० मिनिटं मिळतात. आमच्या कामाला हे बरंचसं पुरलं असतं. झोन म्हणजे त्याहून पुढची गोष्ट : स्वतंत्र वीज, कूलिंग आणि नेटवर्क असलेली वेगळी डेटा सेंटर. सेंट्रल इंडियात असे तीन झोन आहेत. एक व्हीएम सेटमध्येही आणि झोनमध्येही, असं चालत नाही. आणि चालू व्हीएम नंतर सेटमध्ये घालताही येत नाही, डिस्क ठेवून व्हीएम नव्याने बनवावी लागते. पुन्हा बांधायचंच आहे तर झोनमध्ये बांधू, असं मी म्हटलं आणि ते मान्य झालं.

मशीन चालू राहण्याच्या हमीचे आकडे आमच्या भाषेत मांडले तेव्हा सगळे गप्प झाले. प्रीमियम डिस्कवरच्या एकट्या व्हीएमला ९९.९ टक्के. तीस दिवसांच्या महिन्यात ती सूट ४३ मिनिटांची. ही ४३ मिनिटं रात्री दोनला गेली तर कुणाला कळणारही नाही; सकाळी सहाला गेली तर सकाळच्या संकलनाचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. सेटला ९९.९५, म्हणजे साडेएकवीस मिनिटं. झोनला ९९.९९, म्हणजे चार मिनिटं आणि काही सेकंद. आणि हमी मोडली तर बिलात सूट मिळते. उभ्या असलेल्या माणसाचं दूध त्याने परत थंड होत नाही.

बिलांची दोन मशीन सेटमध्येच राहू देत. ती दहा दिवसांतून एकदा पळतात.

१८ जून

व्यवस्थापनाकडून प्रश्न आला, दुसऱ्या क्लाउडवर हा त्रास नसतो का? लिहून कळवलं की देखभाल सगळीकडेच असते, पद्धत वेगळी. गूगलकडे बहुतेक व्हीएम चालू अवस्थेतच दुसऱ्या होस्टवर सरकवल्या जातात आणि व्हीएमला स्वतःची माहिती देणाऱ्या मेटाडेटा सर्व्हरवर ६० सेकंद आधी इशारा दिसतो. ॲमेझॉनकडे ठरलेल्या घटनांची तारीख आधी कळते आणि व्हीएम स्वतः थांबवून पुन्हा सुरू केली की ती सहसा नव्या होस्टवर जाते, फक्त इन्स्टन्स स्टोअर या होस्टवरच्या तात्पुरत्या डिस्कवरचा डेटा उरत नाही. दोघांचीही मुंबईत रीजन आहेत, ॲमेझॉनचं २०१६ पासून आणि गूगलचं २०१७ पासून. घर बदलून छप्पर गळायचं थांबेल असं नाही. आपल्या ॲपला एक मशीन सोडून दुसऱ्यावर जाता आलं पाहिजे, हे कुठेही गेलं तरी करावंच लागणार.

२७ जून

नवी रचना उभी राहिली. तीन ॲप सर्व्हर, तीन झोनमध्ये एकेक. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसचा प्रायमरी (नोंदी लिहून घेणारी मुख्य प्रत) झोन १ मध्ये, स्टँडबाय झोन २ मध्ये, आणि प्रायमरी कोण हे सांभाळणाऱ्या पॅट्रोनीसाठी, तो निर्णय नोंदवून ठेवणारं एटसीडी तिन्ही झोनमध्ये, म्हणजे एक गेला तरी दोनांचं बहुमत उरतं.

येणारी कनेक्शन ॲप सर्व्हरांत वाटणारा लोड बॅलन्सर. त्याचा बेसिक प्रकार झोन ओळखत नाही. शिवाय ३० सप्टेंबरला बेसिक बंदच होणार आहे, त्यामुळे स्टँडर्ड घ्यायला वेगळं कारण शोधावं लागलं नाही.

रेप्लिकेशन सिंक्रोनस ठेवलं. नोंद दोन्ही झोनमध्ये लिहिली गेल्याशिवाय पावती निघत नाही. झोन ओलांडून जाण्यायेण्याचा वेळ दोनेक मिलिसेकंदांच्या आसपास. ॲनालायझरला फॅट काढायलाच त्याच्या हजारो पट वेळ लागतो, तेव्हा या दोन मिलिसेकंदांची चिंता मी करणार नाही.

लक्षात ठेवण्याची बाब : चाचणीच्या सबस्क्रिप्शनमधला (अझूरवरच्या खात्यातला) 'झोन १' आणि खऱ्या सबस्क्रिप्शनमधला 'झोन १' ही एकच इमारत असेल असं नाही. क्रमांक प्रत्येक सबस्क्रिप्शनला वेगळे जोडलेले असतात.

२ जुलै

हेल्थ प्रोब, म्हणजे मशीन काम करतंय का हे ठरावीक वेळाने विचारणारी तपासणी. जुना प्रोब फक्त पोर्ट उघडा आहे का एवढंच बघायचा. डेटाबेसशी संबंध तुटलेला ॲप सर्व्हरही त्याच्या लेखी धडधाकट. नवा प्रोब एचटीटीपीवर 'तयार आहेस का' विचारतो. डेटाबेसला स्पर्श करून उत्तर २०० (तयार), नाहीतर ५०३ (तयार नाही). दर ५ सेकंदांनी, दोनदा नकार आला की नवी कनेक्शन त्या मशीनकडे जात नाहीत.

इथे एक दिवस खर्ची पडला. प्रोब खाली गेल्यावर फक्त नवी कनेक्शन दुसरीकडे वळतात. आधी जुळलेली टीसीपी कनेक्शन चालूच राहतात, आणि ते योग्यच आहे, कारण अर्धवट पावती कापायची नाही. पण संस्थांचे संगणक एक कनेक्शन धरून तासभर त्यावरच नोंदी पाठवतात. त्यामुळे मशीन 'मागे सरलं' असं आम्ही म्हणत होतो आणि सव्वाशे संस्था त्यालाच चिकटून होत्या. उपाय : मागे सरण्याची खूण लागली की ॲपने प्रत्येक उत्तरासोबत कनेक्शन बंद करायला सांगायचं. पुढची नोंद आपोआप नव्या कनेक्शनने दुसऱ्या मशीनवर जाते. आता दीड-दोन मिनिटांत मशीन रिकामं होतं.

९ जुलै

देखभालीची चाहूल मशीनला स्वतःला लागली पाहिजे. व्हीएमच्या आतून १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर शेड्यूल्ड इव्हेंट्स, म्हणजे येऊ घातलेल्या देखभालीच्या घटना, विचारता येतात. घटना कोणती, कोणत्या मशीनची, कधीच्या आत होणार नाही आणि किती सेकंद चालेल, हे त्यात येतं. फ्रीझ (व्हीएम काही सेकंद थिजणं) आणि रीबूटला किमान १५ मिनिटं आधी, रीडिप्लॉयला १० मिनिटं. तयारी झाली की 'करा सुरू' असं कळवता येतं, मग उरलेला वेळ न थांबता काम होतं.

पंधरा मिनिटं पहाटे तीनला माणसाला पुरत नाहीत. फोन वाजतो, चष्मा सापडतो, व्हीपीएन जुळतं, तोवर मुदत संपते. म्हणून सगळं एका छोट्या सेवेवर सोपवलं. ती पायथनमध्ये दोनशेच्या आत ओळींची आहे. घटना दिसली की खूण लावायची, मशीन रिकामं व्हायची वाट बघायची, होकार कळवायचा, आम्हाला निरोप टाकायचा. मशीन परत आलं आणि प्रोब २०० देऊ लागला की खूण काढायची.

पहिल्यांदा विचारल्यावर उत्तर यायला दोन मिनिटांपर्यंत लागू शकतात, कारण सुविधा तेव्हा चालू होते. आणि २४ तास कुणी विचारलंच नाही तर ती बंद होते. आमची सेवा दर सेकंदाला विचारते, पण सेवाच मेली तर? तिच्यावरही अलर्ट लावला.

१७ जुलै

चाचणीला पोर्टलवरून बिलांच्या दुसऱ्या मशीनला रीस्टार्ट दिला. आपण दिलेल्या रीस्टार्टचीही घटना तशीच येते, त्यामुळे तालीम खरीखुरी होते. जुन्या डेटावर बिलं चालू होती. अपेक्षा अशी की मशीन हातातल्या संस्थेचं बिल पूर्ण करेल, मग होकार देईल. झालं वेगळंच : दहा सेकंदांत मशीन खाली, बिल अर्धवट.

दुपारी कारण सापडलं. सेटमधल्या एका मशीनची घटना त्याच सेटमधल्या सगळ्या मशीनना दिसते. पहिलं मशीन रिकामं बसलेलं होतं, त्याने घटना पाहिली, 'माझं काही काम चालू नाही' म्हणून लगेच होकार दिला. होकार कुणीही दिला तरी तो घटनेतल्या सर्वांना लागू. घटनेत कोणाचं नाव आहे ते माझा कोड बघतच नव्हता. ॲप सर्व्हर झोनमध्ये सुटे आहेत, तिथे प्रत्येकाला फक्त स्वतःचीच घटना दिसते, म्हणून तिथल्या चाचणीत हे कधीच समोर आलं नसतं. एक ओळ वाढवली : नाव माझं नसेल तर गप्प बसायचं.

हीच गडबड २१ तारखेला खऱ्या बिलात झाली असती तर, हा विचार संध्याकाळभर सुटला नाही.

२४ जुलै

आजची नोंद मोठी होणार, कारण या प्रकल्पाचा जीव इथे आहे.

डेटाबेसचा प्रायमरी ठरवून दुसऱ्या झोनमध्ये हलवायला पॅट्रोनीला तीन-चार सेकंद लागतात. त्या क्षणी वाटेत असलेल्या नोंदींचं काय होतं? तीन शक्यता. नोंद पोचलीच नाही. किंवा पोचली, लिहिली गेली, उत्तरही गेलं. किंवा लिहिली गेली, पण उत्तर परत जाण्याआधी कनेक्शन तुटलं. तिसरी खरी डोकेदुखी. संस्थेच्या संगणकावर काहीच दिसत नाही, ऑपरेटर 'पुन्हा पाठवा' दाबतो, आणि त्याच दुधाचे पैसे दोनदा लागतात. जुन्या नोंदी चाळल्या तर मे महिन्यातल्या त्या सकाळी असे प्रकार झालेले दिसले. बहुतेक सचिवांनी हाताने दुरुस्त केले होते. आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं.

आमच्यातल्या एकाने सुचवलं की तोच शेतकरी, तेवढेच लिटर, तीच फॅट पाच मिनिटांत परत आली तर दुसरी नोंद टाकून द्यायची. मी कडाडून विरोध केला. घरात दोन किटल्या असतात. पोरगं एक घालून जातं, मागून आई दुसरी आणते. एकाच म्हशीचं दूध दोन भांड्यांत आलं तर फॅट सारखीच येणार, लिटरही सारखे येऊ शकतात. असं अंदाजाने ओळखायला गेलो तर एखाद्याचं खरं दूध आम्ही नोंदीतून पुसून टाकू, आणि त्याला ते कळणारही नाही.

म्हणून ओळख नोंदीच्या जन्मापासून तिच्यासोबत हवी. संस्थेचा क्रमांक, तारीख, सत्र आणि संस्थेच्या संगणकाने वजन घेताक्षणी दिलेला अनुक्रमांक, या चौघांची मिळून एक किल्ली. किटली दुसरी असेल तर अनुक्रमांक दुसरा. 'पुन्हा पाठवा' दाबलं तर अनुक्रमांक तोच. डेटाबेसमध्ये या किल्लीवर एकमेवतेचं बंधन टाकलं. तीच किल्ली पुन्हा आली तर चूक दाखवायची नाही, आधीची पावतीच परत द्यायची. ऑपरेटरच्या दृष्टीने पावती थोडी उशिरा निघाली, एवढंच.

यासाठी प्रत्येक संस्थेतलं सॉफ्टवेअर बदलावं लागेल. काही संगणक इतके जुने आहेत की तिथे स्वतः जावं लागेल. लेखापरीक्षणाच्या अंगानेही हीच पद्धत बरोबर ठरते, असं हिशेब विभागानेही म्हटलं.

३१ जुलै

फ्रीझचा विचार. होस्टच्या बऱ्याच देखभालीत रीस्टार्ट नसतोच, व्हीएम काही सेकंद थिजते. मेमरी आणि उघड्या फाइली शाबूत राहतात. बहुधा १० सेकंदांच्या आत संपतं. प्रश्न असा की प्रायमरीला फ्रीझ येणार दिसल्यावर त्याला दर वेळी हलवायचं का? माझं आधीचं मत होतं, हलवायचं. आता बदललं. हलवायलाच चार सेकंद जातात आणि त्यात चालू कनेक्शन तुटतात. नऊ सेकंदांच्या थिजण्यात कनेक्शन तुटत नाहीत, फक्त थांबतात. पॅट्रोनी ज्या किल्लीवरून प्रायमरी कोण हे ठरवतो तिची (नोंदींची किल्ली वेगळी) मुदत ३० सेकंद आहे, त्यात हे बसतं. तेव्हा १० सेकंदांपर्यंतचं फ्रीझ असेल तर प्रायमरीला हात लावायचा नाही. त्याहून जास्त, किंवा कालावधी माहीत नाही असं आलं, तर हलवायचं.

खरं फ्रीझ आपल्याला मागवता येत नाही. म्हणून पोस्टग्रेस आणि पॅट्रोनीच्या प्रोसेस थांबवून पाहिल्या. १० सेकंदांना काही झालं नाही. ४० सेकंदांना स्टँडबाय प्रायमरी झाला, आणि जुना जागा झाला तेव्हा क्षणभर त्यालाही आपणच प्रायमरी आहोत असं वाटत होतं. पण सिंक्रोनस रेप्लिकेशनमुळे त्याला एकही नोंद पक्की करता आली नाही, कारण त्याला दुजोरा देणारा साथीदार निघून गेलेला होता. मग पॅट्रोनीने त्याला खाली उतरवलं. २७ जूनला सिंक्रोनस ठेवलं ते बरं झालं.

थिजून उठलेल्या मशीनचं घड्याळ मागे राहू नये म्हणून क्रोनीला (घड्याळ जुळवत राहणाऱ्या प्रोग्रामला) होस्टच्या घड्याळाशी जोडलं. पावतीवर वेळ छापलेली असते, लोक ती बघतात.

७ ऑगस्ट, गुरुवार

भर संकलनात तालीम. कागल तालुक्यातल्या एका संस्थेत पहाटे पावणेसहाला जाऊन बसले. पाऊस, चिखल, दाराशी दहा-बारा माणसं. सचिवांना आधीच सांगून ठेवलं होतं, शेतकऱ्यांना नाही.

६:४० ला ऑफिसमधल्या सहकाऱ्याने झोन १ च्या ॲप सर्व्हरला रीस्टार्ट दिला. मी पावत्यांचा प्रिंटर बघत होते. टर्र, टर्र, एकामागून एक. काही जाणवलं नाही. ६:५५ ला प्रायमरीची व्हीएम. सेवेने आधी प्रायमरी हलवला. एक पावती अडकली. ऑपरेटरने सवयीने 'पुन्हा पाठवा' दोनदा दाबलं. पाच सेकंदांनी पावती आली. एकच. मी लगेच फोन करून डेटाबेसमध्ये बघायला सांगितलं : तीन वेळा आलेली, एकदाच लिहिलेली.

सचिवांनी चहा दिला आणि विचारलं, "कधी करणार हाय ते रीस्टार्ट?" म्हटलं, झालं की.

११ ऑगस्ट

एक निर्णय. आमचे स्वतःचे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) अपडेट आतापर्यंत मध्यरात्री, सगळं बंद ठेवून व्हायचे. यापुढे तेही याच वाटेने, महिन्यातून एकदा, दिवसाढवळ्या, एकेक मशीन मागे सरवून. क्लाउडची मोठी देखभाल वर्षातून मोजक्या वेळा येते. तेवढ्यावर विसंबलो तर ही वाट गंजेल.

२० ऑगस्ट, बुधवार

पहिली खरी घटना. सकाळी ५:५८ ला झोन २ च्या ॲप सर्व्हरवर फ्रीझ दिसलं, कालावधी ९ सेकंद, मुदत ६:१३ नंतर. सेवेने ५:५८ लाच खूण लावली, ६:०० ला मशीन रिकामं, लगेच होकार. ६:०१ ला फ्रीझ झालं आणि संपलं. ६:०२ ला मशीन परत कामावर. मला निरोप आला तेव्हा मी झोपेत होते. सातला उठून वाचला.

त्या सत्रातल्या सगळ्या नोंदी तपासल्या. दुबार एकही नाही, संस्थांचा फोन एकही नाही.

बाकी राहिलेलं : नवं सॉफ्टवेअर अजून ४१ संस्थांत गेलेलं नाही, त्यातल्या बऱ्याच डोंगराकडच्या, शाहूवाडी-राधानगरी बाजूच्या. तिथे 'पुन्हा पाठवा' अजून जुन्याच पद्धतीने जातं. शनिवारी गाडी ठरवली आहे. पहिला थांबा ज्या आजींची फॅट चुकली होती त्यांच्या गावाला.